पानावर नसलेला रकाना

वाटूर फाट्यावर, टायर पंक्चरच्या दुकानाच्या माडीवर सत्यशीला हिवाळेचं ऑफिस आहे. पाटीवर तिनं 'वेबसाइट व सॉफ्टवेअर' एवढंच लिहायला सांगितलं होतं. पाटी रंगवणाऱ्याला खाली जागा उरलेली दिसली, म्हणून त्यानं आपल्या मनानं 'सर्व ऑनलाइन कामे' हेही घातलं. तेव्हापासून लोक पायऱ्या चढून येतात ते सातबारा काढायला, पीक विमा भरायला, नाहीतर आधारला मोबाइल जोडायला. इथं ते होत नाही, असं सांगून सांगून ती थकली. खालच्या पंक्चरवाल्याला तिनं बजावून ठेवलंय की असल्या माणसाला वर पाठवायचं नाही. तो तरी पाठवतोच. ताई दिवसभर रिकाम्याच बसलेल्या असतात, असं त्याचं मत आहे.

बाई तशी तापट, पण राग दुधासारखा, वर येतो आणि बसतो. पुण्यातल्या एका कंपनीत चांगली नोकरी होती. टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन घरी आली ती परत गेलीच नाही. जालन्याच्या दोन-चार शिकवण्या, एक मोसंबीची रोपवाटिका, एक फर्निचरवाला, एवढ्यांच्या वेबसाइटवर तिचं छान चाललंय. लग्न केलेलं नाही. त्याचं तिला काही वाटत नाही, बाकीच्यांना मात्र वाटतं. कागदोपत्री तिचा वाढदिवस एक जून. वाटूरच्या शाळेत तिच्यासोबत पहिलीत बसलेल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनच आहे, कारण तेव्हा नावं घालायला तातेराव गुरुजी बसले होते आणि गुरुजींना वेळ नव्हता.

हेच गुरुजी आता निवृत्त होऊन बौद्ध समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे अध्यक्ष, सचिव, निवेदक आणि वेळ पडली तर सतरंज्या मोजून घेणारे झाले आहेत. एक दिवस ते काठी टेकत माडीवर आले.

"सत्यशीला, यंदा मेळावा ऑनलाइन करायचा."

"मेळावा का नोंदणी, गुरुजी?"

"नोंदणी गं. मेळावा जालन्यालाच, मंगल कार्यालयात. जेवण ऑनलाइन थोडंच व्हतं?"

तिनं काम घेतलं. ओळखीचं काम म्हणून घेतलं, आणि आपल्या माणसांत आपलं नाव व्हावं म्हणूनही घेतलं. पुण्यात कितीही मोठं काम केलं तरी वाटूरला त्याचा गंध नव्हता. इथं मात्र सगळा समाज पडद्याकडं बघणार होता.

पुण्यात ती असं शिकली होती की फॉर्म एक माणूस भरतो, आणि तो स्वतःचा भरतो. आपल्याकडं फॉर्म भरणं हे सामुदायिक काम आहे. वडील सांगतात, मामा दुरुस्त करतो, समितीचा कार्यकर्ता टाइप करतो, आणि ज्याचा फॉर्म आहे तो चहा सांगायला गेलेला असतो. हे ओळखून तिनं प्रत्येकाची नोंद एकच ठेवली आणि ती भरायला पानं दोन केली. एक घरच्यांसाठी, एक कार्यकर्त्यांसाठी. घरचं पान वडिलांच्या मोबाइलवर आलेला कोड टाकला की उघडायचं. कार्यकर्ते कागदपत्रं बघून आपल्या पानावर खूण करायचे.

आता पानावर जे भरलं जातं ते नोंदीत नेऊन बसवायचं काम एक यंत्रणा आपोआप करते. तिला बाइंडर म्हणतात. प्राणी मोठा कामसू, अक्कल मात्र बेताची. शिक्षणाच्या नावानं आलं की शिक्षणात टाकतो, उंचीच्या नावानं आलं की उंचीत. भंडाऱ्यात आचाऱ्याच्या हाताखाली एखादा भोळा गडी असतो ना, पोत्यावर 'साखर' लिहिलंय म्हणजे ओत कढईत, तसा. हे आणलं कोणी, त्याला आणायचा हक्क होता का, हे तो विचारत नाही. म्हणून त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं, की बाबा रे, घरच्या पानावरून अमुक अमुक आलं तर घेऊ नको. सत्यशीलानं अशी वगळायची यादी केली आणि तिच्यात दोन नावं टाकली, एक नोंदणी क्रमांक आणि दुसरं शुल्क भरल्याची खूण. लोकांना ती ओळखून होती.

सगळं झालं आणि गुरुजींचा फोन आला.

"एक रकाना राह्यला बघ. स्थिती. त्यात तीन गोष्टी ठेव. नवीन, तपासलं अन् जमलं."

"जमलं कशाला?"

"मंग? ज्याचं जमलं त्याचं नाव यादीतून खाली जायला पाहिजे. मागच्या साली एका पोरीचं लग्न होऊन गेल्तं, अन् लोकं तिच्या बापाला फोन करून राह्यले व्हते."

तिनं रकाना जोडला, आणि तो कार्यकर्त्यांच्या पानावरच ठेवला. घरच्या पानावर तो दिसतच नव्हता, मग भरणार कोण, असं ती धरून चालली. वगळायच्या यादीत त्याचं नाव टाकायचं राहिलं. पुण्यात हीच चूक केली म्हणून तिनं एका नव्या इंजिनिअरला सगळ्यांदेखत झापलं होतं. आपल्या हातून ती झाल्याचं मात्र तिला कळलं नाही, कारण पान झकास दिसत होतं आणि गुरुजी खूश होते.

मेळावा आठवड्यावर आला तेव्हा गुरुजींचा पुन्हा फोन. आवाजात लग्नघर.

"सत्यशीला, शाल सांगितली."

"कुणासाठी?"

"आपल्या वेबसाइटवर पहिलं जमलं. मेळाव्याच्या आधीच. अक्षता शिवाजी मगरे, परतूर. स्टेजवर सत्कार करू जोडप्याचा."

"आणि मुलगा कोण?"

"ते तू सांगायचं. कंप्युटर तुझा हाये."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं म्हणतात. इथं नवऱ्याचाच पत्ता नव्हता आणि गुरुजी शाल घेऊन तयार होते. सत्यशीलानं कार्यकर्त्यांना एकेक करून विचारलं. कोणीच खूण केलेली नव्हती. मग तिनं सर्व्हरवर काय काय आलं ते उघडून बघितलं, आणि खुर्चीत सरळ झाली. 'जमलं' हे घरच्या पानावरून आलं होतं, जिथं तो रकानाच नव्हता. म्हणजे कोणीतरी आपल्या ब्राउझरमध्ये त्या पानाला स्वतःच एक रकाना जोडला होता, त्याला बरोबर 'स्थिती' हे नाव दिलं होतं, त्यात 'जमलं' भरलं होतं आणि पाठवून दिलं होतं. आणि बाइंडरसाहेबांनी ते आनंदानं नेऊन नोंदीत ओतलं होतं.

पुढचं तिला दिसायला लागलं. आज हे झालं, उद्या घरी बायको असलेला एखादा महाभाग कागदपत्रं न दाखवता स्वतःच स्वतःला 'तपासलं' करून बसला असता, आणि कुणाची तरी लेक त्याच्या घरी गेली असती. राग आला तो स्वतःचा. आणि खरं सांगायचं तर, परतुरात बसून हे करणाऱ्याचं थोडं कौतुकही वाटलं.

ती गुरुजींना फोन करणार तोच जिन्यावर पावलं वाजली. परतूरच्या एसटी डेपोतले मेकॅनिक शिवाजी मगरे ड्युटीवरून तसेच आले होते. हाताचं काळं ऑइल पुसलेलं, पण गेलेलं नव्हतं. मागं त्यांची मुलगी अक्षता, खांद्याला कॉलेजची बॅग.

"जय भीम, ताई."

"जय भीम. बसा."

मगरे बसले नाहीत. "ह्या कंप्युटरात पोरगं कोण हाये, ते दाखवा मला. गुरुजींनी फोन करून अभिनंदन केलं. डेपोत सगळे पेढे मागून राह्यले. मला माहीत न्हाई, हिच्या आईला माहीत न्हाई. हिला इचारलं तर म्हणती, वेबसाइटला इचारा."

सत्यशीलानं पोरीकडं बघितलं. अक्षता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं. एक शब्द इकडचा तिकडं झाला असता तर त्या घरात न घडलेल्या प्रेमप्रकरणाची चौकशी सुरू झाली असती, आणि ती कुठवर गेली असती ते सांगता येत नाही.

"पोरगं कुणी न्हाई," सत्यशीला म्हणाली. "चूक माझ्या कामात हाये. जो रकाना समितीनं भरायचा, तो उघडा राह्यला व्हता. त्यामुळं तसं दिसलं."

यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त सगळं सांगून झालेलं नव्हतं.

मगरेंनी मोठा श्वास सोडला आणि आता खुर्ची ओढून घेतली. "मंग ते आजच काढा. रविवारी हिला स्टेजवर न्यायची हाये. टेंभुर्णीचे लोक येऊन राह्यले, पोरगा तलाठी हाये. यंदा उरकून टाकू म्हणलं." मग गाडीत हवा कमी आहे हे त्यांना आठवलं आणि ते भरून घ्यायला खाली गेले.

दोघीच उरल्या. सत्यशीलानं लॅपटॉप तिच्याकडं वळवला.

"हे कुठं शिकलीस?"

"कालेजात. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला हाये मी. पान आतून उघडून कसं बघायचं, ते सरांनी दाखिवलं व्हतं. नाव नोंदवताना कार्यकर्त्याच्या पानावर मी 'स्थिती' बघितलं. पप्पांचा फोन मीच चालवते, म्हणून घरच्या पानाला तसाच रकाना जोडून बघितला. वाटलं घेणार न्हाई. घेतला."

"दार उघडं दिसलं म्हणून आत शिरायचं?"

"कुणाचं काही घेतलं न्हाई, ताई. माझाच रकाना भरला."

"तो तुझा रकाना न्हाई. समितीचा हाये."

"माझं लग्न जमलं का न्हाई, हे समितीला माझ्याआधी कळतं का?"

 उत्तराची वाट न बघता अक्षता पुढं बोलायला लागली, घाईघाईनं, कारण खाली हवेचा पंप थांबला होता. एमसीएच्या प्रवेश परीक्षेत तिचं नाव लागलं होतं. संभाजीनगरला प्रवेश घ्यायचा होता. वडिलांना तिनं कितीदा सांगितलं, प्रत्येक वेळी ते 'बघू' म्हणाले. "जमलं म्हणलं की नाव खाली जातं, कुणी बघत न्हाई. म्हणलं कालेज सुरू होईपर्यंत खाली गप पडून राहू. शाल येईल हे कुठं माहीत व्हतं?"

सत्यशीलाला हसू येत होतं, पण तिनं ते दाबलं. "हे बघ, दार मी आज बंद करणार. तुझं 'जमलं' निघणार. ते मला ठेवता येत न्हाई."

"मंग रविवारी मी स्टेजवर."

"हो."

पोरीनं मान हलवली. रडली नाही, विनवण्या केल्या नाहीत, बॅग उचलली. खालून हॉर्न वाजला. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली. "ताई, तुमच्या सॉफ्टवेअरात उंची हाये, रंग हाये, मामाकुळ हाये. मला काही म्हणायचं असलं तर ते कुठं भरायचं?"

ती गेल्यावर सत्यशीलानं फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. 'अपेक्षा' नावाचा एक रकाना होता. अक्षताच्या नोंदीत त्यात मगरेंनी 'नोकरीवाला, परमनंट' असं सांगून ठेवलं होतं. बाकी तिला बोलायला जागा नव्हती. इतके दिवस ही यादी डोळ्यांसमोर होती आणि आपल्याला ते दिसलं नाही, याचं सत्यशीलाला मनापासून वाईट वाटलं.

दुरुस्ती तशी एका ओळीची होती. वगळायच्या यादीत 'स्थिती' हे नाव टाकलं की काम झालं. पण तिचा आता त्या यादीवर भरवसा उरला नव्हता. उद्या गुरुजी आणखी एखादा रकाना सुचवणार, परवा ती तो वगळायला विसरणार. नको त्यांची नावं सांगत बसलं की एखादं राहतंच. म्हणून तिनं सगळंच उलटं केलं. वगळायची यादी फेकून दिली आणि घ्यायची यादी केली. घरच्या पानावरून एवढंच घ्यायचं, बाकी कोणी काहीही पाठवो, कितीही गोड नाव देऊन पाठवो, दारातच टाकून द्यायचं. कार्यकर्त्यांच्या पानाला तशीच वेगळी यादी. मग अक्षताचं 'जमलं' काढलं आणि बाकीच्या नोंदी तपासल्या. दुसरं कोणी आत शिरलेलं नव्हतं.

आणि तिथंच तिनं एक नवा रकाना घातला, 'उमेदवाराचं म्हणणं'. तो दोन्ही याद्यांत नव्हता. तो भरता येणार होता फक्त उमेदवाराच्या स्वतःच्या मोबाइलवर गेलेल्या कोडनं. लिहायला सोपं होतं. पचवायचं होतं गुरुजींना.

गुरुजी ओसरीवर पेपर वाचत होते. शाल पिशवीतून डोकावत होती.

"पोरींचे नंबर घ्यायचे? लोकं फोन करून हैराण करतील."

"नंबर कुणाला दिसणार न्हाई. नुसता कोड जाईल."

"अन् बापाला हे बदलता येणार न्हाई?"

"न्हाई."

"मला? मी अध्यक्ष हाये."

"तुम्हालाही न्हाई."

"अन् तुला?"

"मला येतं, गुरुजी. सगळ्या किल्ल्या माझ्याकडंच हायेत. पण मी हात लावणार न्हाई."

गुरुजींनी पेपर बाजूला ठेवला. "हे बिलकुल चालणार न्हाई. आईबाप पोरांच्या वाइटाचं भरतात का? आपण समाजाचं काम करून राह्यलो, घरात भांडणं लावायचं न्हाई."

सत्यशीलाचा पारा चढत होता. पण गुरुजींसमोर आवाज चढवायची तिला पहिलीपासून भीती. तिनं वेगळंच विचारलं.

"गुरुजी, माझा वाढदिवस कधी असतो?"

"एक जून," गुरुजी लगेच म्हणाले.

"कुणी भरला?"

"मीच भरला. तवा सगळ्यांचाच तसा भरायचो. शाळेत बसायला सहा वर्षं पुरी पाहिजेत, म्हणून."

"आई म्हणती, कापूस वेचून घरी आली अन् त्याच रात्री मी झाले. जूनमधी कापूस कुठं असतो, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकानं पुसायला घेतला. काच स्वच्छ होती, तरी पुसत राहिले. "तुझी आई तवा टेबलासमोरच उभी व्हती," ते म्हणाले. "कडेवर तुझा भाऊ व्हता."

"हो."

"तिला माहीत असणार."

"बराबर माहीत व्हतं. अजूनही सांगती."

"मी इचारलंच न्हाई," गुरुजी म्हणाले.  मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "टाक तुझा रकाना. पण ह्या शालीचं काय करू?"

"ठेवा, पडून राह्यली तर काय व्हतं?"

सगळ्या उमेदवारांना कोड गेले. शनिवारी दुपारी मगरे पुन्हा माडीवर आले, या वेळी एकटे, आणि पायऱ्या दणाणत.

"ताई, तुमची वेबसाइट बिघडली."

"काय झालं?"

त्यांनी फोन पुढं केला. अक्षताच्या नोंदीत खाली नवी ओळ आली होती: 'एमसीएला प्रवेश मिळाला आहे. शिकून झाल्यावर लग्नाचा विचार करीन.'

"हे बदलायला गेलो तर बदलत न्हाई. डेपोत आमचा एक कंप्युटरवाला हाये, हुशार हाये, त्याला दिलं. त्यानं काय काय खटाटोप केला, पानाला कुठला रकाना जोडला अन् पाठवलं. पाठवलं म्हणतंय, पण बदलत न्हाई."

सत्यशीलाला आतून गुदगुल्या झाल्या. दार पक्कं बसलं होतं, आणि ते परस्पर तपासूनही झालं होतं. पण समोर बाप उभा होता आणि त्याचा चेहरा गुदगुल्या होण्यासारखा नव्हता.

"बिघडली न्हाई, भाऊ. तो रकाना तुमच्याकडून घेतच न्हाई."

"का? बाप हाये मी."

तिनं पंक्चरवाल्याला वरून हाक मारून चहा सांगितला. मग विचारलं, "गाडी डेपोत आली की काय बिघडलंय ते कोण लिहितं?"

"डायवर."

"अन् दुरुस्त झाली, हे?"

"मी. सही माझी असती तिथं."

"डायवरनं जायची जल्दी हाये म्हणून तुमच्या जागी 'ब्रेक ठीक' लिहिलं तर?"

"तर पहिल्याच उताराला लोकं मरतील." मगरे आता खुर्चीत बसले. "एकानं लिहिल्तं एकदा. चांगला माणूस व्हता, पोरगी आजारी म्हणून घाईत व्हता. मी गाडी सोडली न्हाई. साहेबासंगं भांडलो, पण सोडली न्हाई."

"का?"

"का म्हणजे? ब्रेक कसा लागतो ते मला माहीत, त्याला न्हाई."

चहा आला. मगरेंनी तो बशीत ओतला आणि फुंकर घालत राहिले. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण कपाळावर आठी पडली. "ब्रेक अन् लग्न एक हाये का, ताई?"

"ते तुम्हीच सांगा."

 मगरेंनी बशी खाली ठेवली, ते उठले, आणि जिना उतरता उतरता बजावून गेले, "स्टेजवर मात्र मीच बोलणार हाये." सत्यशीला रात्रीपर्यंत अस्वस्थ होती. रकान्याला कुलूप घालता येतं. माइकला घालता येत नाही.

रविवारी जालन्याच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. बुद्धवंदना झाली, स्वागतं झाली, स्वागताला उत्तरं झाली. मग परिचय सुरू झाले. मेळाव्याची रीत ठरलेली. उमेदवारानं स्टेजवर येऊन हात जोडून उभं राहायचं, आणि बापानं माइकवर सांगायचं. मागच्या मोठ्या पडद्यावर नोंद दिसत होती. ती सरकवायला कडेला लॅपटॉप घेऊन सत्यशीला बसली होती.

नव्या रकान्यानं सकाळपासूनच गंमत आणली. एका पोरानं लिहिलं होतं, 'मला स्वयंपाक येतो, मुलीला नाही आला तरी चालेल.' त्याची आई पदर तोंडाला लावून खुर्चीत खाली खाली सरकत गेली. एकानं लिहिलं होतं, 'उंची पप्पांनी सांगितली आहे त्यापेक्षा कमी आहे.' लोक खळखळून हसले आणि पप्पाही हसले, दुसरं करणार काय? पण कितीतरी मुलींचे रकाने मोकळेच होते. ते दिसलं की सत्यशीलाला वाटायचं, काही म्हणायचं नसेल, किंवा तसं विचारलेलंच पहिल्यांदा असेल.

"अक्षता शिवाजी मगरे," गुरुजींनी पुकारलं, आणि सत्यशीलाकडं एक नजर टाकली.

पुढच्या रांगेत टेंभुर्णीची मंडळी सावरून बसली. अक्षता स्टेजवर आली, हात जोडून उभी राहिली. मगरेंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, पण हातांवरचं ऑइल आजही पुरतं निघालेलं नव्हतं. सत्यशीलाचं बोट माउसवर होतं. नोंद थोडी खाली सरकवली असती तर शेवटची ओळ पडद्याखाली गेली असती, आणि बापाची अडचण टळली असती. तिनं बोट काढून घेतलं आणि हात मांडीवर ठेवला.

मगरेंनी नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, मामाकुळ सांगितलं. आवाज डेपोत गाडी मागं घेताना लागतो तसा मोठा. मग पडद्याकडं वळून ते शेवटच्या ओळीशी आले आणि थांबले. सभागृहानं ती ओळ तोवर वाचली होती. कुजबुज सुरू झाली.

टेंभुर्णीचे एक वयस्कर गृहस्थ उठले. "मुलगी आम्हाला पसंत हाये. बोलणी कधी करायची, तेवढं सांगा. पुढचं शिकणं वगैरे बघता येईल मंग."

'बघता येईल' हा शब्द स्टेजवर पोचला. अक्षताची जोडलेली बोटं एकमेकांत घट्ट झाली. गुरुजी हातातला कागद खाली करून मगरेंकडं बघत राहिले.

मगरेंनी पडद्याकडं बघितलं, मग लेकीकडं, मग पुन्हा पडद्याकडं.

"ते मला बदलता येत न्हाई," ते माइकवर म्हणाले. "करून बघितलं."

लोक हसले. मगरे हसले नाहीत.

"तो रकाना माझ्याकडं न्हाई," ते म्हणाले. "तिलाच इचारा."

आणि ते बाजूला व्हायला लागले, पण तेवढ्यात त्यांना दिसलं की माइकचा स्टँड सकाळपासून बापांच्या उंचीला कसलेला होता. ते परत फिरले. आटा ढिला केला, दांडी खाली घेतली, पोरीच्या तोंडाशी बरोबर आणली, पुन्हा घट्ट पिळली, आणि मग मागं सरून उभे राहिले.